इंजिनाचा जोर कुठे गेला

मी दुधाची पिशवीसुद्धा तारीख बघितल्याशिवाय घरात घेत नाही. गॅसचा सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्याला काट्यावर वजन करून दाखवायला लावते, आणि तो तोंड वाकडं करायला लागला की मला आणखीच संशय येतो. हा स्वभाव जन्माचा की नोकरीचा, ते मला सांगता यायचं नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे, लग्नानंतर दोन वर्षांनी लागले ती आजतागायत. मशीनवरून उतरलेला माल हातात घ्यायचा, माप घ्यायला व्हर्नियर लावायचा, केसाएवढा फरक निघाला तरी लाल खोक्यात टाकायचा. ऑपरेटर म्हणतात, "मॅडम, जाऊ द्या ना यार, कोण बघतंय?" मी बघतेय ना! पाठीमागे मला 'पोलीस' म्हणतात ते ठाऊक आहे मला. म्हणू देत.

आमच्या ह्यांचा स्वभाव अगदी उलटा. कुणी रस्त्यात थांबवून हात जोडले तर हे खिशात हात घालतील. जालन्याकडून मुंबईत आले ते एका ट्रकवर क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर झाले, आणि मग स्वतःची पिकअप घेतली. घाटकोपरला एका लादीवाल्या शेठकडे ती लागलेली आहे. लाद्यांचे बॉक्स भरायचे आणि मुलुंड, भांडुप, पवई, जिथे म्हणून इमारत उभी राहतेय तिथे टाकून यायचे. गाडीत बसले की हे वेगळेच दिसतात. घरात बोलायला शब्द मिळत नाहीत त्यांना, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की शीळ घालतात. एकदा मी सहज म्हटलं होतं, आता वय झालं, दुसरं काही बघा. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी सोडून मी काय करू? बिल्डिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसू?"

तर त्या गाडीच्या इंजिनाची वाट लागली. एकदम नाही, हळूहळू. आधी ऑइल प्यायला लागली. मग मागून निळा धूर. मग चढणीवर दम तोडायला लागली. आमचं घर घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. रिकामी गाडीसुद्धा गल्लीच्या तोंडाशी येऊन कण्हायची, आणि हे पाय पार तळाला दाबून बसलेले असायचे. एक दिवस पवईच्या एका साइटवर चढताना गाडी मध्येच थांबली, मागे सरकायला लागली. अर्धे बॉक्स रस्त्यावर उतरवून, दोन फेऱ्यांत माल वर नेला. संध्याकाळी शेठचा फोन आला. तो सरळ माणूस, सरळच बोलला. गाडी चढत नसेल तर सांगा, मी दुसरी लावतो.

ह्यांचा चेहरा बघवेना. त्या रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, उद्या मिस्तरीकडे जाऊ. पण मी येणार बरोबर.

मिस्तरी म्हणजे ह्यांचा जुना दोस्त. दोघं एकाच तालुक्यातले, मुंबईत एकाच खोलीत राहिलेले. त्याचं गॅरेज मरोळलाच, माझ्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटं. मी त्याला भावजी म्हणते, तो मला वहिनी. विहारातल्या कार्यक्रमाला आमच्या शेजारी बसतो, आमच्या घरी जेवतो. तरी मला तो कधी पूर्ण पटला नाही. हसतो फार. आणि भाव विचारला की आधी आकाशाकडे बघतो.

त्याने ऑइलचं झाकण उघडलं, आतून भसाभसा धूर आला. "कॉम्प्रेशन गेलं रे," तो ह्यांना म्हणाला. "इंजिन बसलं. आता उघडून नवीन पिस्टन टाकण्यात अर्थ नाही. माझ्याकडे ह्याच मॉडेलचं एक चांगलं इंजिन पडलंय, ते बसवू. तुझ्या पायाला सवय आहे त्याची. काय वहिनी?"

'माझ्याकडे पडलंय' म्हटल्याबरोबर माझे कान उभे राहिले. पडलंय? का पडलंय? कुणी नाकारलंय म्हणूनच ना? दोस्ताच्या गळ्यात घरचा भंगार माल मारायचा, असं मला लख्ख दिसलं. मी विचारलं, ह्यापेक्षा जास्त ताकदीचं नाही का बसत? तर म्हणाला, बसतं ना, त्याच कंपनीच्या नवीन मॉडेलचं बसतं, माउंटिंग, म्हणजे इंजिन धरणारी पकड, थोडी बदलावी लागते. पण एवढा जोर हवाय कशाला? मी म्हटलं, "चढायला हवाय भावजी. घ्यायचं तर जोरदारच घेऊ. आणि तुमच्याकडचं नको, बाहेरून बघू."

तो आकाशाकडे बघायला लागला. हे माझा दंड ओढत म्हणाले, "अगं, असं तोंडावर बोलतात काय?"

"मग काय पाठीवर बोलू?"

पैसे मी माझ्या पीएफमधून काढणार होते, त्यामुळे माझंच चाललं. आरटीओची परवानगी काढायला एजंट नको म्हटलं, स्वतः रांगेत उभी राहिले. मग कुर्ल्याच्या एका गोडाऊनमध्ये मनासारखं इंजिन मिळालं. नवीन मॉडेलची गाडी मागून ठोकली गेली होती, पुढचं इंजिन शाबूत. मिस्तरीने हाताने फिरवून बघितलं, कान लावला, मान डोलावली. मी माझी टॉर्च काढली, ऑइल बोटावर घेऊन चोळून बघितलं, कुठे चीर आहे का ते पाहिलं. मग इंजिनावर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल घासली. असं केलं की नंबर जसाच्या तसा कागदावर उमटतो. आरटीओच्या कामाला हा पेन्सिल प्रिंट लागतोच, पण मी दोन काढले. एक त्यांच्यासाठी, एक माझ्यासाठी. आणि मिस्तरी गोडाऊनवाल्याशी बोलत होता तेवढ्यात पर्समधून नेलपॉलिश काढून टर्बोच्या खाली, पंपाच्या मागे आणि हेडच्या कोपऱ्यात एकेक ठिपका दिला. गुलाबी. कुणाच्या लक्षातही येणार नाही असा.

आमच्याकडे एक रीत आहे, गाडीचं इंजिन उतरलं की मालकाने गॅरेजमध्ये बसून राहायचं. नुसतं बसायचं. चहा पाजायचा, पाना द्यायचा, आणि डोळे उघडे ठेवायचे. मागे वळलात की गाडीतून काय जाईल आणि काय येईल, सांगता येत नाही. ह्यांनी बसून उपयोग नव्हता. हे गप्पा मारत बसले असते, मिस्तरीने ह्यांच्या मांडीखालून सीट काढून नेली असती तरी कळलं नसतं. म्हणून मी दोन दिवस रजा टाकली आणि एका उलट्या बादलीवर जाऊन बसले.

गॅरेजमधल्या लोकांनी बाई बसलेली आधी कधी बघितली नसावी. सुरुवातीला शिव्या गिळून काम करत होते, मग विसरले आणि सुरू झाले. माझं लक्ष इंजिनावर. जुनं इंजिन साखळीला लटकून वर आलं, तेव्हा हे बाजूला उभे होते. काळं, तेलकट धूड ते. ह्यांनी पुढे होऊन त्याच्यावर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. मला आतून कसंतरी झालं. पण लगेच मी मिस्तरीच्या हाताकडे बघायला लागले, कारण नेमक्या अशाच वेळी माणसाला टोपी घालतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन इंजिन बसलं. सुरू केलं, आणि काय सांगू! आवाजच वेगळा. धूर नाही, खडखड नाही. मिस्तरी म्हणाला, चला वहिनी, तुमची परीक्षा होऊन जाऊ दे. गाडीत थोडा माल टाकला, तो स्वतः चालवायला बसला, मी मध्ये, हे दाराशी. थेट आमच्या डोंगराच्या रस्त्याला घातली. जिथे हे फर्स्ट गिअरमध्ये कण्हत जायचे, तिथे हा सेकंडमध्ये सटासट वर. मी घड्याळ लावलं होतं. खालच्या पाण्याच्या टाकीपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हे लहान पोरासारखे हसत होते. "झकास रे! झकास!" मलाही हसू आलं. आज मिस्तरीला घरी जेवायला बोलवावं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

बोलावलं नाही, कारण काही बारीकसारीक कामं बाकी होती आणि तिसऱ्या दिवशी मला रजा नव्हती. म्हटलं, काम पुरं होऊ दे, मग बघू. तिसऱ्या दिवशी मी ड्युटीला गेले, आणि हे एकटे गॅरेजमध्ये बसले.

त्या संध्याकाळी हे गाडी घेऊन घरी आले. मी खिडकीतच उभी होते. टाकीपासून गल्लीपर्यंत गाडीला तीन मिनिटं लागली. रिकामी गाडी, फर्स्ट गिअर.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे काय?"

"जोर कुठे गेला?"

"नवीन इंजिन आहे गं. दमानं घ्यावं लागतं सुरुवातीला. मिस्तरी म्हणालाय."

म्हणजे मिस्तरी म्हणालाय! ह्याच मिस्तरीने आदल्या दिवशी माल भरून सेकंडमध्ये वर आणली होती, तेव्हा कुठे गेला होता दम? माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. दोन दिवस मी बसले, तेव्हा सगळं ठीक. एक दिवस मी नव्हते, आणि जोर गायब. ह्यात पाणी मुरत नसेल तर कशात मुरेल?

दुसऱ्या दिवशी हे उठायच्या आत मी टॉर्च आणि पेन्सिल घेऊन खाली गेले. बॉनेट उघडलं. नंबराचा प्रिंट काढला, माझ्या जुन्या प्रिंटवर ठेवून उन्हाकडे धरला. आकड्यावर आकडा बसला. म्हणजे इंजिन तेच. मग ठिपके शोधले. टर्बोखालचा होता. पंपामागचा होता. हेडच्या कोपऱ्यातला तेलाने मळला होता, पण पुसल्यावर निघाला. सगळं जिथल्या तिथे. शहाण्या बाईचा जीव इथे भांड्यात पडला असता. माझा उलट टांगणीला लागला. काहीच बदललं नाही आणि जोर गेला, म्हणजे मिस्तरीने असं काहीतरी केलंय जे मला दिसत नाहीये!

मग मी सगळ्याच गोष्टींकडे बघायला लागले. हे चप्पल घालून गाडी चालवायचे, जन्मभर. आता अचानक बूट घालायला लागले, नाडीचे, घट्ट बांधलेले. मी विचारलं, कुणाला दाखवायचेत? तर म्हणाले, चप्पल सटकते. दोघांचे फोन वाढले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की हे फोनवर म्हणायचे, "बरं, नंतर बोलू." एकदा दाराआड उभी राहून ऐकलं, तर स्पष्ट कानावर आलं, "नाही रे, तिला काही नाही सांगितलं." चोरी मिस्तरीचीच आहे असं मी धरून चालले होते. आता कळेना, ह्यात आमचे हेसुद्धा आहेत की काय? माझ्या पीएफच्या पैशांतून घेतलेल्या इंजिनाची ह्या दोघांनी मिळून काही भानगड तर केली नाही ना? पुढेमागे ते बाहेरच्या बाहेर विकायचं, मला जुनं बसवून द्यायचं, असं काही? असले घाण विचार नवऱ्याबद्दल आले माझ्या मनात. आले ते आले, खोटं कशाला सांगू.

शेठचं काम मात्र चालू होतं. गाडी जुन्या गाडीपेक्षा बरी चढत होती, थांबत नव्हती. पण ती ताकद नव्हती. भरलेल्या चढणीवर मागच्या गाड्या हॉर्न मारून जीव घ्यायच्या. मी एक-दोनदा मुद्दाम बरोबर गेले. म्हटलं, "दाबा की." हे म्हणाले, "दाबलंय." मी वाकून बघितलं, तर पाय खरंच खाली होता. पण पूर्ण खाली होता का? साडी सावरत अंधाऱ्या कोपऱ्यात किती दिसणार!

पुढच्या रविवारी हे सकाळी पांढरा शर्ट घालून वंदनेला विहारात गेले, चालतच. गाडी खाली उभी. माझ्याकडची जास्तीची चावी घेतली, ड्रायव्हरच्या दारातून उलटी वाकून आत शिरले आणि टॉर्च पेटवली. हाताने ॲक्सिलरेटरचं पॅडल दाबलं. अर्ध्यावर गेलं आणि खट्ट करून थांबलं.

खाली पत्र्याला एक नट वेल्डिंग केलेला होता, आणि त्यात उभा बोल्ट. पॅडल त्याच्या डोक्यावर येऊन टेकत होतं. पर्समधला व्हर्नियर काढून मोजला, तीस मिलिमीटर वर आलेला. बोल्ट कोरा करकरीत, लॉकनट लावून घट्ट केलेला. आपोआप झालेलं नव्हतं हे, चुकूनही झालेलं नव्हतं. कुणीतरी हिशेब करून, माप घेऊन, माझं इंजिन अर्ध्यावर आणून ठेवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. आता मला सगळं समजलं असं वाटलं. महिनाभराने हाच मिस्तरी म्हणणार, वहिनी, ह्या इंजिनात दम नाही, तरी मी सांगत होतो, माझ्याकडचं घ्या. मग हे चांगलं इंजिन उतरवून घेणार आणि स्वतःचं भंगार बसवणार. आमचे हे भोळे, मान डोलावणार. वा रे दोस्ती!

रिक्षा केली आणि सरळ मरोळ गाठलं. रविवारी गॅरेज दुपारपर्यंत उघडं असतं. चार-पाच गिऱ्हाईकं उभी होती. मिस्तरी एका टेम्पोखाली झोपलेला, नुसते पाय बाहेर. मी त्याच्या पायांशी जाऊन उभी राहिले.

"बाहेर या भावजी. बोलायचंय."

तो सरपटत बाहेर आला, हसला. "अरे, वहिनी! चहा सांगू?"

"चहा गेला खड्ड्यात. माझ्या गाडीच्या पॅडलखाली बोल्ट कुणी लावला?"

त्याचं हसू गेलं. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. मला हवंच होतं ते. मी आवाज चढवला. ज्याच्या ताटात जेवलात त्यालाच गंडवलंत, म्हटलं. दोस्त म्हणून आलात आणि दोस्ताला चुना लावलात. बाईमाणसाला काय कळतंय असं वाटलं काय? बोल्टचं माप सांगू? काय वाट्टेल ते बोलले मी. चोर म्हटलं. चारचौघांत, त्याच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये, त्याच्या माणसांसमोर चोर म्हटलं.

तो चिंधीने एकेक बोट पुसत होता. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाला, "बोल्ट मी लावला. आत्ता येऊन काढतो. पण मग गाडी त्याला चालवायला देऊ नका वहिनी."

"म्हणजे?"

त्याने मला आत नेलं, टायरच्या ढिगामागे, आणि सांगितलं. तिसऱ्या दिवशी, मी ड्युटीवर असताना, हे पहिल्यांदा नव्या इंजिनावर बसले. जुन्या सवयीने पाय टाकला. गाडीने उडीच घेतली. समोर ऑइलचे रिकामे पिंप होते म्हणून भागलं, नाहीतर भिंत होती. पिंपाशेजारी उभा असलेला माणूस बाजूला उडी मारून वाचला. मिस्तरी धावत गेला, ओरडला, अरे पाय काढ! तर हे म्हणाले, काढलाय की. पाय पॅडलवरच होता.

"त्याला पाय कळतच नाही वहिनी. साखरेने गेलंय. तळवा पूर्ण, आणि घोट्याच्या वरही थोडं. जुनी गाडी मेलेली होती, तळाला दाबून ठेवली तरी काही व्हायचं नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. त्यालासुद्धा एवढं कळलं नव्हतं. नव्या इंजिनाने दाखवलं."

मला खोटंच वाटलं. अजून एक थाप, असं पहिलं मनात आलं. "ह्यांना कुठली साखर? मला कसं माहीत नाही?"

"विहारात तपासणीचं शिबिर झालं होतं ना, तेव्हा निघाली. वर्षं झाली त्याला. गोळ्या गाडीतच ठेवतो, पुढच्या खणात, कागदांखाली. तुम्हाला कळलं तर तुम्ही गाडी बंद कराल म्हणून." तो थांबला. "रडला वहिनी त्या दिवशी. त्या सीटवर बसून रडला. म्हणाला, गाडी गेली तर मी कोण? तेव्हा मी बोल्ट लावला. म्हटलं, जास्त दाबताच आलं नाही तर उडी मारणार नाही. चुकलं असेल माझं. पण मला दुसरं काही सुचलं नाही."

एवढं ऐकूनही माझ्यातली तपासणीवाली गप्प बसेना. मी विचारलं, "आणि ब्रेक समजून हेच दाबलं तर?"

मिस्तरी आकाशाकडे बघायला लागला. वर पत्रा होता.

त्याला 'चुकले' म्हणायला हवं होतं मी. बाहेरची माणसं अजून आमच्याकडे बघत होती, त्यांच्यासमोरच म्हणायला हवं होतं. ते न म्हणता तशीच बाहेर पडले. पुढे आठवड्याने जाऊन माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, सोडा ना वहिनी. पण त्या दिवशी ती लाज माझ्याबरोबर रिक्षात बसून घरापर्यंत आली.

घरी जायच्या आधी गाडी उघडली. इंजिनाचा एकेक कोपरा मी टॉर्चने तपासला होता, खण मात्र कधी उघडला नव्हता. विम्याचे कागद, पीयूसी, टोलच्या पावत्या, आणि त्याखाली गोळ्यांच्या पट्ट्या. अर्ध्या खाल्लेल्या. काहींवरची तारीख उलटून गेलेली. आमच्या गल्लीत शाळेची मुलं दुपारी उतरणीवरून पळत खाली येतात. कितीतरी वेळा हे माल उतरवून त्याच वेळी वर येत असतात. ते सगळं डोळ्यांसमोर आलं. मला ह्यांचा राग आला. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात खाऊन, माझ्यापासून लपवलं! आणि त्याहून जास्त राग आला तो माझा. सगळ्या जगाचं माप काढणारी मी, रोज ज्या माणसाच्या शेजारी झोपते त्याचा पाय मेलाय ते मला कळलं नाही. नाडीचे बूट बघून मी काय काय विचार केला होता!

हे विहारातून आले तेव्हा ऊन चढलं होतं. दारातल्या खुर्चीवर बसले आणि नाड्या सोडायला वाकले.

"थांबा," मी म्हटलं. "मी सोडते."

"तुला काय झालं आज?"

मी समोर जमिनीवर बसले, बूट काढले, मोजे काढले. उजवा पाय समोरच्या पाटावर ठेवला. टाचेला भेगा, करंगळीशेजारी एक जुना फोड, काळा पडलेला. तो कधी झाला, कशाने झाला, मी विचारलं नाही.

"डोळे मिटा."

"कशाला गं?"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी मिटले. ओठांवर थोडं हसू होतं. आमच्यात कधी असले खेळ झाले नव्हते, पण त्यांना बरं वाटलं असावं.

"सांगा, कुठलं बोट धरलंय मी?"

जरासा विचार केला. "करंगळी."

"आणि आता?"

"अंगठा." मग मान हलवत म्हणाले, "गुदगुल्या नको करू गं."

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. मग आपल्या पायाकडे, तो जणू दुसऱ्या कुणाचा तिथे ठेवलाय असं. बाहेर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, पाणी झटकल्याचा आवाज येत होता.

त्यांनी शर्टाच्या खिशातून गाडीची चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"शेठला तू सांग," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."